क्रिस्टल नसलेली गाडी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर थट्टा केली आहे. मागे याच ग्रुपवर कोणीतरी आपोआप वाजणाऱ्या टेपरेकॉर्डरबद्दल लिहिलं होतं, तेव्हा "कपॅसिटर बदला, भूत जाईल" अशी कमेंट टाकणारा मीच होतो. त्यामुळे आज हे लिहिताना कान गरम झालेत... अर्थात, कान गरम व्हायचं खरं कारण वेगळं आहे.

शेवटी एक टेक्निकल प्रश्न विचारणार आहे. जुन्या रिमोट गाड्यांतली जाणकार मंडळी इथे आहेत, म्हणून इथेच लिहितोय. पण प्रश्न कळायला आधी नरेशबद्दल सांगावं लागेल.

आम्ही गोंदियाचे. माझ्या काकांची जवळच्या मुर्री गावाच्या बाजूला राइस मिल होती. ऐंशीच्या दशकात काका सिंगापूरला फिरून आले तेव्हा दोन रिमोटच्या गाड्या घेऊन आले. खेळण्यातल्या नव्हेत – स्वतः जोडायच्या, खऱ्या रेसिंगच्या बग्गी. सोबत रिमोट, जास्तीच्या क्रिस्टलच्या जोड्या, सगळं. एक गाडी लवकरच तुटून मिलच्या भंगारात गेली. दुसरी खोक्यातच राहिली. १९९९ ला मी बारावी झालो तेव्हा काकांनी ती मला देऊन टाकली.

भंगारातली गाडी नरेशनं मागून घेतली. नरेश माझ्याच वर्गातला. त्याचे बाबा काकांच्या मिलमध्ये हमाल होते, पोती उचलायचे. त्यानं त्या गाडीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून चेसिस केलं, पीव्हीसी पाइप तापवून बंपर वाकवला, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून उचललेल्या तारांनी वायरिंग केलं. मूळचा फक्त गिअरबॉक्स उरला. आणि ती गाडी माझ्या कोऱ्या गाडीपेक्षा चांगली पळायची.

मिलचं धान वाळवायचं पटांगण सिमेंटचं, एकदम सपाट. तिथे आमचा ट्रॅक. हौदाला वळसा, मग सरळ, मग विटांचा नागमोडी रस्ता, परत हौद. दोन वर्षं दर रविवारी आम्ही तिथे पळवल्या. नरेशची एक लकब होती – वळण यायच्या बऱ्याच आधी तो थ्रॉटल सोडायचा, गाडी संथ व्हायची, वाटायचं हा आता मागे पडणार... आणि हौदाच्या कडेला चिकटून अशी सुळकन बाहेर काढायचा की मी बघत राहायचो.

"इतक्या लवकर काऊन सोडतो बे?"

"गाडीले सोचायले टाइम द्या लागते," तो म्हणायचा.

हळूहळू गावातले आणखी चारपाच जण गाड्या घेऊन यायला लागले. २००१ ला दिवाळीनंतर आम्ही एक मोठी रेस ठेवली. नागपूरचे एक गृहस्थ त्या वेळी या गाड्यांचं दुकान काढत होते. त्यांना मेकॅनिक पाहिजे होता, नरेशबद्दल त्यांनी ऐकलं होतं. ते खास त्याला बघायला आले.

आता जे लिहायचं आहे ते मी बारा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – जुन्या रिमोटमध्ये एक छोटं क्रिस्टल असतं, त्याचीच जोडी गाडीतल्या रिसिव्हरमध्ये. प्रत्येक जोडीचा रंग वेगळा. माझी निळी, नरेशची पिवळी. दोन रिमोट एकाच रंगाचे एकाच वेळी चालू केले की गाडी वेडी होते, कोणाचंच ऐकत नाही. माझ्याकडे एक तिसरा रिमोट होता. जुना, बंद पडलेला. तो नरेशनंच मला दुरुस्त करून दिला होता. टेस्टिंगसाठी त्यानं जास्तीचं पिवळं क्रिस्टल त्यात घातलं आणि म्हणाला, "राहू दे यातच, कधी कामी पडन."

त्या दिवशी नागपूरचे गृहस्थ आले तेव्हा काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. दोन मिनिटांत त्यांनी नरेशला बोलावून शेजारी बसवलं. गिअरबॉक्स कसा बसवला, सोल्डरिंग कोणाकडून शिकला... माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. काकांनी मला सांगितलं, "चहा घेऊन ये रे दोघांसाठी." मी नरेशच्या हातात चहाचा कप दिला. त्यानं तो घेतला आणि माझ्याकडे बघून हसला. खुशीत हसला होता, दुसरं काही नव्हतं त्यात. पण मला आत काहीतरी लागलं. हमालाचा मुलगा खुर्चीवर आणि मी ट्रे घेऊन उभा – हाच विचार होता माझ्या डोक्यात. शब्दांची सारवासारव करत नाही.

घरून निघतानाच तो तिसरा रिमोट मी खांद्याच्या थैलीत टाकला होता. का टाकला, हे तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

रेस सुरू झाली. माझी गाडी पहिल्याच फेरीत विटांवर चढली आणि बाद झाली. नरेश पुढे. चौथी फेरी, हौदाचं वळण. मी थैलीत हात घातला आणि बटण सरकवलं.

गाडी एकदम सुसाट सुटली – वळणाऐवजी सरळ खुर्चीकडे. ते गृहस्थ उठून मागे सरले, चहा कपड्यांवर सांडला, आणि गाडी धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या लोखंडी खांबावर आदळली. पुढची चाकं धरणारे दोन्ही आर्म तुटले. मी बटण बंद केलं. सगळं मिळून सातआठ सेकंद.

"वायरिंग कच्ची है," ते गृहस्थ शर्ट झटकत म्हणाले. "ऐसे काम पे भरोसा नहीं कर सकते."

नरेश गाडी उचलून तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माहीच चुकी होय जी."

ते नागपूरला परत गेले. नरेश पुन्हा पटांगणावर आला नाही. काही महिन्यांनी तो दरेकशाला गेला, तिथे त्याची मोठी बहीण दिली होती. भाऊजींसोबत जंगलच्या कामाला जायला लागला – तेंदूपत्ता, लाकूड, मिळेल ते. चारपाच वर्षांनी कळलं, मलेरिया डोक्यात गेला आणि तीन दिवसांत संपला. मी मयतीला गेलो नाही. तब्येत बरी नव्हती असं सगळ्यांना सांगितलं.

आता २०१३. जुन्या गाड्या गोळा करायचा नाद मला पुन्हा लागला होता, तुम्हाला माहीतच आहे. काकांची जी गाडी भंगारात गेली होती, त्या मॉडेलचा मूळ गिअरबॉक्स कुठेच मिळत नाही, असं इथेच कोणीतरी लिहिलं. आणि मला आठवलं, एक आहे. नरेशच्या गाडीत.

हो, मी त्यासाठी गेलो. नोव्हेंबरात, सकाळच्या पॅसेंजरनं दरेकशाला उतरलो. विचारत विचारत त्याच्या बहिणीचं घर गाठलं. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. शकुनताई अंगणात सूप घेऊन धान पाखडत बसल्या होत्या. अर्ध्या अंगणात धान वाळत घातलं होतं, एका बाजूला खाट, कोंबड्या.

"ओळखलं का ताई?"

"ओळखलं ना जी. मिलवाल्याचे पुतणे. बसा."

पाणी दिलं. भाऊजी शेतावर गेले होते. इकडचं तिकडचं बोलून मी गाडीचा विषय काढला. म्हटलं, नरेशची आठवण म्हणून जवळ ठेवायची आहे.

"आठवण म्हून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो."

"घेऊन जा न मंग. पेटीत पडून आहे."

त्यांनी पत्र्याची पेटी उघडून गाडी आणून दिली. कापडात गुंडाळलेली होती. तुटलेले आर्म नरेशनं कधीतरी बसवले होते, लोखंडी पट्टी वाकवून. मी आधी काय बघितलं? गिअरबॉक्स. शाबूत होता. मग रिसिव्हर – क्रिस्टलची जागा रिकामी. रिसिव्हरच्या चार पेन्सिल सेलचा डबाही रिकामा, आतल्या पट्ट्या गंजलेल्या. मोटर फिरते का एवढंच बघावं म्हणून मी सोबत आणलेली मोठी बॅटरी जोडली. गाडी जमिनीवर ठेवली होती. रिमोट सोबत नव्हताच – माझे सगळे रिमोट गोंदियाला, कपाटात.

दोन सेकंद काही झालं नाही. मग गाडी निघाली.

पहिल्यांदा वाटलं, स्पीड कंट्रोलचा काँटॅक्ट चिकटलाय, आता जाऊन भिंतीला आपटेल. मी धरायला वाकलो. तोवर ती वळली. धानाच्या कडेनं वळसा घेतला, सरळ गेली, खाटेजवळ डावीकडे-उजवीकडे-डावीकडे अशी नागमोडी झाली आणि परत धानाच्या वळणाला आली. वळणाच्या बऱ्याच आधी संथ झाली. अगदी संथ. मग कडेला चिकटून सुळकन बाहेर. धानाचा एक दाणा हलला नाही. कोंबड्या तेवढ्या बाजूला सरल्या.

तो आमचा ट्रॅक होता. मिलचा. हौदाच्या जागी धान, एवढाच फरक.

मी वाकलेला तसाच राहिलो. दुसरी फेरी. तिसरी. प्रत्येक वेळी वळणाआधी तेच थांबल्यासारखं होणं. चौथ्या फेरीत, वळणाच्या तोंडाशी, गाडी थांबली. पुढची चाकं माझ्याकडे वळली. मग काही नाही. मोटर बंद.

शकुनताई सूप मांडीवर ठेवून बघत होत्या. त्या घाबरलेल्या दिसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "रिमोट थैलीत आहे का, भाऊ?"

"नाही ताई. रिमोट आणलाच नाही मी."

"तेव्हा तं थैलीतच होता म्हणे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं.

"कोणी सांगितलं?"

"नरेशनं. आनखी कोन सांगन?"

"त्याला... केव्हा कळलं?"

"त्याच वक्ताले. तो रिमोट त्यानंच बनवून देल्ला होता ना तुमाले. गाडी बहकली तसं त्यानं तुमच्याकडं पाह्यलं, तं तुमचा हात थैलीत. घरी येऊन ते पिवळी टिकली काढली गाडीतून न फेकून देल्ली."

"मग बोलला का नाही तो? तिथेच बोलायचं ना!" हे मी जरा मोठ्यानं बोललो. त्या वेळी मला रागच आला, खरं सांगतो. त्याचाच.

"बोलून काय करते जी? पटांगण तुमच्या काकाचं, मिल तुमच्या काकाची. बाबा तेथीच पोते उचलून राहिले होते. मले म्हणे, बाई, माही चुकी म्हून सांगतलं, झालं."

मी थैली त्यांच्यासमोर उलटी केली. पाण्याची बाटली, स्क्रू ड्रायव्हर, रुमाल, परतीचं तिकीट. त्यांनी एकेक वस्तू बघितली. मग गाडीकडे बघितलं. आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. सूप खाली ठेवलं.

"मंग कोन चालवत होता?"

मी बॅटरी काढली. मग बसून त्यांना सगळं सांगितलं – चहा, ट्रे, बटण. आणि आठवण म्हणून नाही, गिअरबॉक्ससाठी आलो तेही. त्यांनी ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फक्त एवढंच विचारलं, "त्याची गाडी खराब नव्हती, हे तुमी कोनाले सांगतलं का?"

"नाही."

"बारा साल झाले, भाऊ."

गाडी मी तिथेच ठेवली. त्यांनी 'न्या' म्हटलं नाही, 'ठेवा' म्हटलं नाही. कापडात गुंडाळून पेटीत ठेवली आणि पुन्हा पाखडायला बसल्या.

गोंदियाला आल्यावर नागपूरच्या त्या गृहस्थांचा नंबर शोधून फोन केला. सगळी हकीकत सांगितली – रेस, रिमोट, नरेश. ते सभ्यपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माफ कीजिए, पर कौन नरेश? मुझे तो कुछ याद नहीं." मी पुन्हा सांगायला लागलो, त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, फोन ठेवला.

आता प्रश्न. स्पीड कंट्रोलचा काँटॅक्ट चिकटून गाडी पळू शकते, हे मला माहीत आहे. पण रिसिव्हरला सेल नाही, क्रिस्टल नाही, तर स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, हलेल कसा? गाडी वळेल कशी? वेग कमी-जास्त होईल कसा? मी कागदावर सर्किटची आकृती काढून बघितली, तसल्याच दुसऱ्या गाडीला नुसती बॅटरी जोडून वीसेक वेळा प्रयोग केला. एकतर हलत नाही, नाहीतर सरळ जाऊन आपटते. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा. "कपॅसिटर बदला" म्हणालात तरी चालेल.

गाडीचे फोटो मागू नका, माझ्याकडे नाहीत. आणि त्या रेसला हजर असलेले दोघेतिघे या ग्रुपवर आहेत, मला नावं माहीत आहेत. त्यांच्यासाठी लिहितो: नरेशचं वायरिंग पक्कं होतं. सोल्डरिंग पक्कं होतं. त्या दिवशी त्याच्या गाडीत काहीही दोष नव्हता.