पाटी वाचणारी मावशी

देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर मेथी-पालक विकणारी एक बाई मला रोज दिसते, कारण मी नोकरीला जालन्याला जातो. तिच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत गाठ आहे, त्यामुळे पापणी सुजून खाली लोंबते. हा आजार तिला वडिलांकडून आला. डॉक्टरांनी सांगितलंय, नजर शाबूत आहे तोवर कापाकापी नको, पण अंधुक दिसायला लागलं तर लगेच या.

म्हणून कुठलीही बस लागली की ती चांगला डोळा तळहाताने झाकते, दुसऱ्या हाताने लोंबती पापणी उचलते आणि पाटी मोठ्याने वाचते. "मेहकर!" "बुलढाणा!" आम्हाला बस कळते, तिची तपासणी होते.

"डॉक्टर सहा महिन्यानं पाहते, मी दिवसातून वीस डाव," असं ती हसत सांगते.

परवा माझी नेहमीची बस लागली. तिने वाचलं, "चिखली!"

"मावशी, जालना आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. चांगल्या डोळ्यावरचा हात काढायची तिला हिंमत होईना. मग मीच पाटीकडे नीट पाहिलं. चिखलीच लिहिलं होतं! ड्रायव्हर पाटी बदलायला विसरला होता आणि मी नुसती त्याची मिशी पाहून बस ओळखली होती.

"बरोबर वाचलंस मावशी, चिखलीच आहे."

"पाटी बदल ना बे!" ती ड्रायव्हरवर ओरडली. "जीव गेला असता माहा!"

मग माझ्या पिशवीत मेथीची जुडी कोंबत म्हणाली, "भाऊ, जालन्याले चाललेच आहा, तर डोळे दाखवून या."