जीपचा अडलेला बोल्ट

मले आठवा संपून नववा लागला तेव्हा आमच्या दारापुढं ती जीप आली. चालत नाई आली, चौघांनी ढकलत आणली. एका ठेकेदारानं काम संपवून जाताना टाकून दिलेली. वर हूड नाई, पुढचा एक दिवा फुटका. आमचे हे घामानं नुसते निथळून राहिले होते, पण तोंडावर असा आनंद का जसं आताच लगीन लागलं. म्हणाले, "या खेपेले तुले बैलगाडीत नाई नेत." मी हो म्हटलं ना नाई म्हटलं. आतमधे जाऊन चुलीपुढं बसली अन् पदर तोंडाले लावून रडून घेतलं.

कारण आदल्या वर्षीचं माझं पहिलं बाळंतपण. आमची मातीची खोली कुरुद गावाच्या बाजूले होती, आजूबाजूले सारे पोलादाच्या नव्या प्लांटच्या कामावर आलेले भंडारा-गोंदियाकडचे लोक. दाईनं पोटावर हात फिरवला अन् म्हणाली, पोर आडवं आहे, दुर्गले न्या. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कोणाची तरी बैलगाडी आणली. रस्ता ट्रकांनी खोदून ठेवलेला, बैल पाऊल टाकेनात. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर पोरगं गेलं होतं. हे त्या दिवशी भट्टीच्या पायाच्या ढलाईवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या कामावर होते. बोलवायले माणूस धाडला होता, पण एवढ्या गर्दीत त्याले हे भेटलेच नाई, असं मले सांगितलं गेलं. मीबी तेच धरून होती.

म्हणून ही जीप. पेट्रोल टाकलं का चालू व्हायची, बाप्पा, घरघरायचीही झकास. पण अर्धा कोस गेली का पाणी उकळून समोरून वाफेचा लोट. हे म्हणाले, हेडखालची पॅकिंग जळाली. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते काढायचं, पॅकिंग बदलायची, पुन्हा कसून टाकायचं. एका सुटीचं काम, म्हणाले. सारे बोल्ट पटापट सुटले अन् कोपऱ्यातला एक अडून बसला. पाना लावला, जोर लावला, मायबाप काढले, पण तो काही हलेना. हेड जागच्या जागी.

आता प्लांटमधे एक गोष्ट अशी का सगळ्यांची सुटी एका दिवशी येत नाई. आज याची, उद्या त्याची. मित्र तर ह्यांचे रगड. मग काय, रोज एक नवा वैद्य दारात! पहिल्या दिवशी पंपावरचा फिटर आला. त्यानं बोल्टवर घासलेट ओतलं, म्हणाला मुरू द्या. दुसऱ्या दिवशी वेल्डर आला, "हे काय, आग लावता का घराले?" म्हणत घासलेट फडक्यानं पुसून काढलं अन् ब्लो लॅम्पनं बोल्ट लाल होस्तोवर तापवला. तिसऱ्यानं तापवलेल्या बोल्टले मेणबत्ती लावायची युक्ती सांगितली, मेण वितळून आट्यांमधे जाते म्हणे. मेण लावलंही. ते थंड व्हायच्या आत चौथा हजर. हा क्रेनवर माल बांधायचा, अंगानं आडदांड. त्यानं पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घातला अन् आमचे हे अन् तो, दोघं त्याच्यावर लोंबकळले.

प्लांटचे बोल्ट मनगटाएवढे, तिथं पाइप घातल्याशिवाय काही हलत नाई, ती सवय हाताले लागलेली. हा बिचारा जीपचा बोल्ट अंगठ्याएवढा. पाना असा घसरला का दोघंही मातीत आदळले. बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून गेले, पाना धरेचना. अन् हे हसून राहिले! मित्राच्या पाठीवरची माती झटकून राहिले! मले वाटलं, ह्या माणसाले खेळणं भेटलं आहे. मागचं सारं विसरला हा. माझं डोकंच फिरलं.

मामाजी बाजेवर बसून हे सगळं पाहत होते. ते रेल्वेतून रिटायर झालेले. दुर्गच्या लाइनवर चाबीवाले होते, म्हणजे रोज पटरीवरून चालत जायचं अन् सैल झालेलं काही दिसलं का कसायचं. उभ्या जन्मात त्याईनं बोल्टांशिवाय दुसरं काही केलं नाई. मी त्याईच्यापुढं जाऊन उभी राहिली. "मामाजी, तुमी कावून बोलत नाई?"

"मले कोनी इचारलं?" ते म्हणाले.

"मी इचारून राहिली ना."

मग बोलले. "पटरीच्या जोडाचा बोल्ट गंजला का आमी त्याच्यावर तेल सोडू, हातोडीनं दोन बारीक ठोके देऊ, अन् पुढं चालू लागू. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो येते. त्याले एकटं सोडा लागते, सूनबाई. ह्या पोट्ट्यांनी त्याले एक दिवस एकटं सोडलं नाई."

ह्यांनी ऐकलं अन् हात झटकले. "तीन दिवस? बाबा, इथं तीन दिवसात शेडचं छत उभं राहते!"

"राहू द्या उभं," मी म्हटलं. चारचौघांत ह्यांना मी तोवर कधी उलटून बोलली नव्हती. "तीन दिवस कोणी हात लावायचा नाई. मी बसते इथं."

अन् बसली. जीपच्या बाजूले बाज टाकली, शेजारी ताकाचा तांब्या. मामाजी सकाळी तेल सोडत, हातोडीनं टक टक करत, संध्याकाळीही तसंच. ज्याची सुटी असंल तो यायचाच. "वहिनी, फक्त पाहतो." मी म्हणायची, "पाहा ना, हात पाठीमागं बांधून पाहा." एकानं खिशातून छिन्नी काढली तर मी असा आवाज चढवला का तो चहा न पिता गेला.

पण बोलून बसणं सोपं, थांबणं नाई. पोटात जराशी कळ आली का माझा जीव उडून जाय. दिवसातून दहादा उठून त्या बोल्टकडं पाहायची, जसा तो माझ्याकडं पाहून हलणार होता. वैशाखाचं ऊन, धूळ, ट्रकांची रांग, भोंगा वाजला का माणसांचे लोंढे. तिथं सगळंच पळून राहिलं होतं, अन् मी एका बोल्टपायी बाजेवर. दुसऱ्या दिवशी दुपारी मले राहवलंच नाई. मामाजी डुलकी घेत होते. मी पाना उचलला, बोल्टवर लावलाही. पाठीमागून आवाज आला, "सूनबाई, ठेवून द्या ते." मी ठेवून दिला. लाज वाटली, अन् त्याहून जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी ह्यांची सुटी. मामाजींनी कानस घेतली अन् बोल्टचं झिजलेलं डोकं दोन बाजूंनी घासून सपाट केलं, पाना धरंल इतकं. मग ह्यांच्या हाती पाना दिला. "आधी कस."

"कसू? सोडायचा आहे ना!"

"कस म्हनतो ना बे! केसभर."

ह्यांनी कसला. कट् असा आवाज झाला. मी डोळे मिटले, मले वाटलं तुटला, संपलं सारं. डोळे उघडले तर हे पाना उलटा फिरवून राहिले होते अन् बोल्ट करकरत, कुरकुरत वर येऊन राहिला होता. मामाजी "हां!" म्हणाले, एवढंच, अन् नव्या पॅकिंगची पुडी आणायले घरात गेले.

हे बोल्ट हातात घेऊन जीपच्या पायरीवर बसले. मले वाटलं आता नाचतील. पण ते फडक्यानं हात पुसत राहिले, पुसतच राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "निरोप भेटला होता मले."

"कोनता निरोप?"

"मागच्या साली. माणूस आला होता माझ्यापाशी. मिक्सर अडला होता, ढलाई थांबली होती, साहेब डोक्यावर उभा. मिक्सरचा एक बोल्ट सुटत नव्हता. मी म्हटलं, एवढा सोडतो अन् जातो. दोन घंटे गेले त्याच्यात."

मी त्याईच्या हातातून तो बोल्ट हिसकावला अन् जितका लांब फेकता येईल तितका फेकला. मग मले रडू आलं अन् त्याईलेही आलं, पण मी त्याईच्या जवळ नाई गेली. मामाजी पुडी घेऊन दारातच थबकले. नंतर त्याईनंच वाकून वाकून धुळीतून बोल्ट शोधला. डोकं झिजलेलंच होतं, तो बाजूले ठेवला अन् दुसरा मिळवून आणला.

हेड बसलं. गाडी उतई गावापर्यंत जाऊन आली, पाणी उकळलं नाई. मी ह्यांच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी द्यायची, तोंडातून अक्षर नाई. हेही समजावायले आले नाई. नऊ दिवस असे गेले.

दहाव्या दिवशी भर दुपारी कळा सुरू झाल्या. हे पाळीवर. मामाजी, त्या वयात, धोतर खोचून प्लांटच्या गेटकडं पळाले. मी खाटेची कड धरून बसली होती, अन् मनात एकच घोकत होती, दोन घंटे, दोन घंटे. शेजारीण पंखा हलवत होती. तिनं धड पाणीही पाजलं नव्हतं अन् बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज आला. मले आधी खरंच वाटेना.

ह्यांनी मले उचलून बसवलं. अंगावर सिमेंट, डोक्यावर तसाच कामाचा टोप, हात ग्रीसनं काळे. शेजारीण मागं मले धरून बसली. रस्ता तोच, खड्डे तेच. माझ्या पोटात जी पोरगी होती ती आज दोन नातवंडांची आजी आहे, पण तेव्हा मले काय ठाऊक? एक कळ ओसरली तेव्हा दातओठ खात मी विचारलं, नऊ दिवसांत पहिल्यांदा बोलली, "काम कुठवर आलं होतं तुमचं?"

हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पाह्यलंच नाई मी."

राग गेला नव्हता माझा. खरं सांगायचं तर आजही पुरता गेला नाई. पण मी पुढं वाकून त्याईचा खांदा धरला अन् दुर्ग येईपर्यंत सोडला नाई.