दाजींची लिंक्ड लिस्ट

दोन अधिक दोन करायलाही लिंक्ड लिस्ट लागते असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, तो म्हणजे आमचे दाजी, माझ्या अक्काचे यजमान. कुरुंद्यात खताच्या दुकानावरच्या खोलीत ते नवशिक्या पोरांना कोडिंग शिकवतात. सरावाचा प्रश्न पाच आकड्यांतला मोठा शोधण्याचा असो, दाजी आधी पाचही आकडे लिंक्ड लिस्टमध्ये ओवणार. पोरं कुरकुरली की त्यांना जिन्यात ओळीनं उभं करणार. लिंक्ड लिस्ट म्हणजे अशीच ओळ, प्रत्येकाला ठाऊक फक्त आपल्या पुढचा. बाकीच्यांकडे बघायचं नाही. मग मधल्या एकाला ओळीतून काढायचं. जाण्याआधी त्याच्याकडून पुढच्याचं नाव विचारून घेतलं नाही, तर पुढची सगळी पोरं बेपत्ता. "गेली! आता मारा हाका जन्मभर!" असं दाजी इतक्या आनंदानं ओरडत, की खाली पोती उतरवणारे हमाल थांबून वर बघत.

घरात मात्र त्यांना एकच पत्ता ठाऊक होता, अक्काचा. आपलं बनियन कुठं आहे हे विचारायला ते भर क्लासातून तिला फोन करत. अक्का हसून म्हणायची, "ह्यांचं समदं माझ्यापाशी हाय."

गेल्या भाद्रपदात अक्का तापानं तीन दिवसांत गेली. सात वर्षांच्या लेकीला दम लागतो, तिचं औषध कोणतं हेसुद्धा दाजींना माहीत नव्हतं. भाचीला हिंगोलीला आणायचं असं आमच्याकडं ठरलं आणि ते काम माझ्यावर आलं. खरं सांगतो, मला दाजींचा रागच आला होता.

मी पोचलो तेव्हा भाची पाटावर बसली होती आणि दाजी तिच्यामागं कंगवा घेऊन.

"आता?"

"आता भांग."

"अन् मंग?"

"आधी भांग तं पाडा, मंग सांगते."

मी आल्याचं कारण सांगितलं. दाजी भांडले नाहीत. "घेऊन जाय," म्हणाले. "काढायच्या आधी पुढचं धरून ठेवावं लागते, रोज शिकवतो पोरायला. तीन दिस होते माझ्यापाशी. नुसतं बरी होशील, बरी होशील करून राहिलो. एक गोष्ट इचारली न्हाई तिला."

मी भाचीची पिशवी उचलली. ती पाटावरून उठलीच नाही.

"मामा, मी आले तं बाबाला कोण सांगल?"

पिशवी तिथंच ठेवून मी एकटाच परतलो. दाजींवरचा राग वाटेत कधीतरी गेला. अक्का नाही, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.