आधी पाणी, मग भाव

धुरपतआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत मुलांना खिचडी वाढत होते. फोन हिंगोलीजवळच्या पुसेगावहून होता, तिच्या मुलाचा, सुनीलचा. "ताई, माय गेली," एवढंच तो म्हणाला. समोर एक मुलगी ताट पुढे करून उभी होती. तिला वाढलं, तिच्या मागच्यांनाही वाढलं आणि मग बाहेर येऊन भिंतीला टेकले. रडू काही आलं नाही. पुसेगावात पोहोचले तेव्हा नाही, त्रिशरण म्हणताना नाही, पुढे पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमले तेव्हाही नाही. लोकांना वाटलं असेल, मास्तरीणबाई मोठ्या घट्ट मनाच्या. मला मात्र माझाच राग येत होता. जिच्यामुळे आज मी स्वतःच्या घरात राहते, तिच्यासाठी डोळ्यांतून टिपूसही येऊ नये...

त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी मी तिला भेटून आले होते. अंगणातल्या बाजेवर पडून होती, हाडांची नुसती मोळी झालेली, पण जिभेची धार तशीच. सुनील पुण्याला नोकरीला, तिच्या आजारपणासाठी रजा काढून आलेला. त्याच्या देखत ती मला म्हणाली, "सुजे, ह्याच्यानं वावर होत न्हाई. हा इकून टाकील माझ्या मागं. इकू दे, मह्या उरावर थोडंच न्यायचंय. पण गिऱ्हाइकासंगं तू बोल. आधी पाणी, मग भाव. ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, आहे. तिनं डोळे मिटले. आमचं शेवटचं बोलणं ते, आणि तेही जमिनीच्या भावाचं. तिला ओळखणाऱ्या कुणालाही ह्याचं नवल वाटणार नाही.

आत्याचा हा नियम साऱ्या भावकीत थट्टेचा विषय होता. जमीन असो, घर असो, म्हैस असो, ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याच्या घरचं पाणी हातात मिळाल्याशिवाय ती भावाचा शब्द काढायची नाही. कुणी म्हणायचं, म्हातारीला तहान फार. पण ती तहान कुठून आली ते मला लहानपणापासून माहीत होतं. आत्या आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, दोघंही दुसऱ्याच्या रानात राबून जमीन घेण्याच्या जिद्दीनं पैसा जोडत होते. शेवटी गावातल्या एका मोठ्या जमीनदाराचा तुकडा विकायला निघाला. काळी कसदार जमीन, भावही मामांच्या आवाक्यातला. भर उन्हात दोघं त्या घरी गेली. ओट्याच्या खाली बसायला सांगितलं, बसली. आत्यानं पाणी मागितलं. घरातून एक बाई आली आणि हातभर उंचावरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. आत्यानं ते पाणी सांडू दिलं, पदराला हात पुसले आणि मामांना म्हणाली, "चला." भाव विचारलासुद्धा नाही.

घरी येऊन मामांनी घर डोक्यावर घेतलं. "आपून जमीन घ्यायला गेलतो का पाणी प्यायला?" आत्या चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "त्या वावराला वाट कुठून हाय? त्याच्याच बांधावरून ना? आज जो वरून पाणी टाकून राहिला, तो उद्या मही बैलगाडी जाऊ देईल का?" माझे वडील हा किस्सा सांगताना हसायचे, पण सांगून झाल्यावर उठून माठातलं पाणी प्यायचे. पुढे तिनं गावाच्या दुसऱ्या अंगाला एका म्हाताऱ्याकडून मुरमाड रान घेतलं, तेही चार पैसे चढे देऊन. त्या म्हाताऱ्यानं स्वतःचा तांब्या तिच्या हातात दिला होता. गाव हसलं. म्हणालं, पाण्यापायी दगडं विकत घेतली. पुढे त्याच दगडांत विहीर खोदली आणि पाणी लागलं. तेव्हापासून गाव हसायचं थांबलं. तिनं मात्र त्याचा कधी तोरा मिरवला नाही. म्हणायची, "पाणी नशिबानं लागलं. वाट मात्र मी पाहून घेतली होती."

मी शिकले, हिंगोलीत नोकरीला लागले, माझं आणि मिलिंदचं लग्न झालं. आम्हाला वाटायचं, आत्याचे दिवस वेगळे होते. घर शोधायला लागलो तेव्हा कळलं की दिवस बदललेत, पण बेताचेच. आता कुणी ओंजळीत पाणी ओतत नाही. आता फोनवर गोड बोलतात, घर दाखवतात, फरशी दाखवतात, जाता जाता पूर्ण नाव विचारतात. दुसऱ्या दिवशी भाव वाढलेला असतो. नाही म्हणायची गरजच पडत नाही. दोन ठिकाणी असं झालं. तिसरं घर औंढ्याच्या रस्त्याला, नवं कोरं, गिलाव्याचा वास अजून न गेलेला. मालकानं स्वतःच्या राहत्या घराला लागूनच विकण्यासाठी बांधलेलं. ते मला इतकं आवडलं की ओट्यावर बसून मी मनातल्या मनात कुंड्या मांडल्या. रात्रीत तिथलाही भाव वाढला. मी मिलिंदला म्हटलं, आपल्याला या गावात भाड्याच्याच खोल्या लिहिलेल्या आहेत. आणि आत्याला फोन केला, खरं तर नुसतं रडगाणं गायला. ती म्हणाली, "मालकाला सांग, मी बैठकीला येऊन राहिले."

काळीपिवळी जीपमधून आली, नऊवारी झटकून उतरली. मालकाच्या घरी बैठक बसली. मालक, त्याची म्हातारी आई, आम्ही तिघं. आजी स्वतः तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आल्या. आणि मिलिंद, आमचा सभ्य, शिकलेला मिलिंद, हात जोडून म्हणाला, "नको आजी, आत्ताच चहा झालाय." आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की मीच अंग चोरलं. मला वाटलं, आता आत्याच उठून चालायला लागणार; घडलं उलटंच. आजींचा चेहरा पडला. तांब्या तसाच धरून त्या म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत न्हाई का बाबा? का तुमी बी जारचंच पाणी पेता?" पाणी नाकारलं की लागतं, आणि ते दोन्ही बाजूंना लागतं, हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं. आत्यानं हात पुढे केला. "दे माय, मला दे. उन्हाची आले. आन् जावईबापू, तुमी बी घ्या, चहानं तहान जात न्हाई." तिनं पेला बाजूला ठेवला, तांब्याच तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याली. आजी तिच्या शेजारी टेकल्या. दोघींचं माहेर, गुडघे, पोरंबाळं सगळं निघालं. मालक घड्याळ पाहत होता, माझा जीव टांगणीला लागलेला. मग आत्यानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बोला आता."

मालकानं वाढलेलाच भाव सांगितला. आत्या त्याच्याशी बोललीच नाही. आजींकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "माय, परवा एक भाव होता. आमचं नाव ऐकलं आन् दुसरा झाला. ह्यातला घराचा भाव कोणता, नावाचा कोणता, एवढं फकस्त सांग." मालक सिमेंट महाग झाल्याचं काहीतरी पुटपुटला. आजी लेकाकडे बघत राहिल्या... मग म्हणाल्या, "एका रातीत महाग झालं व्हय रे?" त्याचे कान लाल झाले. तो खाली मान घालून म्हणाला, "पहिला भाव बराबर हाय." मिलिंदला जोर चढला, तो आणखी थोडं खाली ओढायला निघाला तर आत्यानं त्याचा शर्ट धरून त्याला बसवलं. "खरा भाव भेटला. शेजार बी घ्यायचाय ना? मग खाली काहून वढता?" तिथंच इसार दिला. आज त्या आजी आमच्या ओट्यावर बसून मला मेथी निवडून देतात. आत्याच्या पुण्यानुमोदनाला हिंगोलीहून आमच्यासोबत त्याच आल्या होत्या, आणि माझ्या वाटणीचं त्याच रडल्या.

घरात राहायला आलो त्या दिवशी आत्यानं एक तांब्याचा तांब्या आणला. नवा नव्हता. मुरमाड रानाच्या मालकाकडून सौद्यानंतर मागून घेतलेला, पोचे पडलेला. "हा दारापाशी ठेव. कुणी बी येवो, आधी हा पुढं कर," म्हणाली. मी त्याच्यासाठी लाकडी घडवंची करून घेतली. रोज सकाळी तो चिंचेनं घासते आणि भरते. आत्या गेल्यावर एकही दिवस चुकवला नाही, पण हात नुसते सवयीनं चालायचे.

गेल्या रविवारी आत्याच्या वावराला पहिलं गिऱ्हाईक आलं. सुनीलनंच माझ्याकडे पाठवलेलं. पुसेगावचाच तरुण, शेतीचं शिकलेला, हळदीसाठी विहिरीचं रान हवं असलेला. त्यानं आजोबांचं नाव सांगितलं आणि मी जागच्या जागी थांबले. ज्या ओट्याखालून आत्या ओले हात पुसत उठली होती, त्या घरचा हा नातू. मी तांब्या पुढे केला. तो अदबीनं म्हणाला, "राहू द्या ताई, आत्ताच प्यालो." अगदी मिलिंदसारखं. ही नुसती सभ्यता होती की आणखी काही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून काही केल्या कळेना. आत्याला कळलं असतं. मला रागही येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. मी तांब्या धरून तशीच उभी राहिले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तांब्याकडे. मग तो खुर्चीवरून उठला, दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि उभ्या उभ्याच प्याला. हनुवटीवरून पाणी शर्टावर ओघळलं. रिकामा तांब्या त्यानं परत माझ्या हातात दिला. मी समोर बसले आणि म्हणाले, "बोला आता."

माझ्या तोंडून आत्याचा आवाज आला. आणि मग जे रडू कोसळलं ते आवरेना, पदर तोंडाशी धरूनही आवरेना. बिचारा गडबडून गेला. हात जोडून म्हणाला, "ताई, काही चुकलं का? मी भावाचं अजून बोललोच न्हाई."