दोन तिकिटांचा थांबा

दगडू नाना आपल्याच रेल्वे-थांबा समितीच्या बैठकीला कायम उशिरा येत. बैठक अमळनेरला, अकराची. नाना पिंपळखेडीहून पुढच्या स्टेशनापर्यंत सायकलने आणि तिथून रेल्वेने येत. ते पोहोचेपर्यंत ठराव मंजूर होऊन चहाचे कप गोळा झालेले असत. कोणी बसने यायला सुचवले की उत्तर ठरलेले होते : "गाडी मांगनारा मानूस गाडीमाईनच उतरना पाहिजे."

नाना अमळनेरच्या तेलगिरणीतून निवृत्त झालेले फिटर. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर सकाळची पॅसेंजर एक्स्प्रेस म्हणून धावू लागली. भाडे वाढले, वेग तोच राहिला आणि लहान थांबे रद्द झाले. पिंपळखेडीचा थांबा त्यातलाच. कारण दिले गेले तोट्याचे. हा शब्द नानांसमोर उच्चारणे धोक्याचे होते. "रस्ताले कोनी इचारस का, तू नफामा शे का तोटामा? मंग गाडीलेच का बरं?" अर्थसंकल्पात रस्त्यांना जसा पैसा ठेवतात तसा साध्या प्रवासी गाड्यांनाही ठेवावा, एवढी त्यांची मागणी. ती त्यांनी मंत्र्यांना पत्राने, आमच्या वर्तमानपत्राच्या जळगाव कार्यालयात प्रत्यक्ष येऊन आणि खाली चहावाल्याला तोंडी कळवली होती. चहावाला सहमत होता. मंत्र्यांचे उत्तर आले नाही. आम्ही बातमी छापली, पान पाचवर, श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली.

थांब्यावाचून खरे अडले होते ते सिंधू अक्काचे. ही नानांची शेजारीण. वांग्यांची टोपली घेऊन ती रोज पॅसेंजरने अमळनेरच्या बाजारात जाई. एसटीचा कंडक्टर टोपली आत घेईना आणि काळीपिवळी जीपवाला टोपलीचे वेगळे भाडे घेई. ते दिल्यावर वांगी विकून हाती फार काही उरत नसे. "नाना, तुमना कागद मना वांगा लई जाई का?" ती विचारी. "धीर धर," नाना म्हणत. "कागद दिल्लीले पोचना शे." "मना वांगा अमळनेरले पोचनात ते बठ्ठं मियनं," वांगी पोचली की सगळे मिळाले, असे म्हणून ती टोपली उचलत असे.

अखेर समितीचे शिष्टमंडळ रेल्वेच्या साहेबांना भेटायला निघाले, तीन बोलेरो गाड्यांतून. बॉनेटवर फलक होता : 'पॅसेंजर वाचवा'. नाना अर्थातच त्यांत नव्हते. मी होतो. साहेबांनी निवेदन घेतले, खिडकीतून खाली पाहिले आणि विचारले, "आपण आलात कसे?"

समितीचे अध्यक्ष खतांचे दुकानदार होते. ते मोकळेपणाने म्हणाले, "एकदम आरामात, साहेब. रस्ता फार चांगला झालाय."

साहेबांनी मान डोलावली. बैठक संपली.

नाना साडेतीनला पोहोचले. परतीची गाडी संध्याकाळशिवाय नव्हती, म्हणून ते साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर बसून राहिले. दार उघडले की साहेबांना नाना दिसत. सहाच्या सुमारास साहेबांनी त्यांना आत बोलावले आणि तीन महिन्यांसाठी प्रायोगिक थांबा देतो म्हणाले. अट एकच : तिकीटविक्री दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी अमळनेरात फलक लागला, 'समितीच्या अथक प्रयत्नांना यश'. त्यावर अध्यक्षांचा फोटो मोठा होता. नानांचा नव्हता, फोटो द्यायलाही ते उशिराच पोहोचले असते.

गाडी थांबू लागली आणि पिंपळखेडीचा फलाट भरला. दूधवाले, कॉलेजच्या मुली, टोपली घेऊन सिंधू अक्का. तिकीट मात्र कोणी काढीना. गावाला समजावताना नानांनी वर्षभर एकच वाक्य सांगितले होते : "गाडी सरकारनी नही, आपली शे." गावाने ते मनापासून घेतले. आपल्या बैलगाडीत बसताना कोणी तिकीट काढते का? नाना फलाटावर एकेकाला हात जोडू लागले. अक्का म्हणाली, "आते काय व्हयनं, नाना? काल ते आपली व्हती." तिकिटे विकणारा माणूस खिडकी बंद करून शेतावर जाऊ लागला. नाना रोज त्याला बांधावरून बोलावून आणत.

तीन महिन्यांनी पत्र आले. विक्री रोज सरासरी दोन तिकिटे. सबब थांबा रद्द. दोन्ही तिकिटे नानांची होती : एक जाण्याचे, एक येण्याचे. अमळनेरला त्यांचे काही काम नसे. स्टेशनाबाहेर चहा घेऊन ते परत येत.

पत्र गावात वाचले गेले तेव्हा सगळे रेल्वेवर संतापले. नाना अक्काला फक्त म्हणाले, "मी सांगामाच चुकनू." मला ते पटत नाही, पण त्यांनी चूक दुसऱ्या कोणाच्या नावावर लावू दिली नाही.

पावसाळ्यानंतर हृदयविकाराने ते गेले. शोकसभा वेळेवर सुरू झाली. नानांचे उचित स्मारक व्हावे असा ठराव झाला आणि निधी महिन्याभरात मंजूर झाला. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता सिमेंटची कमान उभी आहे, वर 'कै. दगडू नाना प्रवेशद्वार'. आत रिकामा फलाट. पॅसेंजर त्याच्यासमोरून न थांबता जाते.

गेल्या महिन्यात मी तिकडून जात होतो. सिंधू अक्का कमानीखाली टोपली घेऊन काळीपिवळीची वाट पाहत बसली होती. कमान कशी वाटते, विचारले.

"चांगली शे ना, भाऊ," ती म्हणाली. "सावली पडस."