टोडे कुणी घडवले

ग्वाल्हेरात, थाटीपूरच्या एका सरकारी शाळेच्या फाटकाशी मुलांच्या आया उन्हात उभ्या राहायच्या, म्हणून आम्ही तिथे सावली बांधली. आम्ही म्हणजे आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचे चार विद्यार्थी आणि एक मिस्त्री. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता सांगताना आवाज आपोआप चढतो. चढू दे. त्या सावलीच्या भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे, तिच्यावर सोनेरी अक्षरांत सात नावं आहेत, आणि त्यांत मिस्त्रीचं नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे हे मला एवढं का लागलं ते कळेल. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इथे आले. फौज संपली, आणि माझे वडील एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायला लागले. आई खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पापड लाटून विकायची. तिच्यासाठी उडदाची डाळ आणायला दाल बाजारात मी जायचे, सातवीपासून. दुकानदारानं भाव सांगितला की लगेच बोलायचं नाही, डाळ मुठीत घेऊन खडे शोधायचे, दोन सापडले की तोंड वाकडं करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. कॉलेजची फी मी सीनियर मुलांची मॉडेलं करून भरली. त्यांची हॉटेलं, इस्पितळं, स्टेडियमं मी माउंटबोर्डाच्या जाड पुठ्ठ्यातून कापली आणि मार्क त्यांना मिळाले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो दोघांनी कबूल केलेला सौदा होता. सौदा मोडला की मात्र माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी कॉलेजनं ठरवलं की मुलांनी नुसतं कागदावर न काढता एखादी लहानशी गोष्ट खरोखर बांधून दाखवायची. आमच्या गटात दोन मुली होत्या, ज्यांना कुठलंही भांडण नको असायचं, आणि एक मराठी मुलगा होता. त्याचे पणजोबा दरबारात मोठ्या कामावर होते. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तेव्हा त्याच्या काकूंनी विचारलं, "तुमच्याकडचे फौजेत शिपाईच होते ना?" आणि बाकीच्यांना कपात चहा दिला, मला पेल्यात. पण मुलगा चित्र सुंदर काढायचा. नकाशे त्याच्याकडे गेले, बाजार माझ्याकडे.

रचना साधी होती. समोरासमोर दोन दगडी भिंती, आणि वर पटियांचं छत. पटिया म्हणजे लांब, सपाट, तीन-चार बोटं जाडीची शिळा. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर अशा शिळा शेजारी शेजारी टाकल्या की छत झालं. ग्वाल्हेरातली निम्मी जुनी घरं अशीच आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या खाली बसवतं. मुलानं मला यादी दिली: पटिया, आठ फुटी, बावीस नग.

दगडाच्या वखारीत मी दोन दुपारी घालवल्या. मालकाकडे कुणीतरी मागवून न नेलेल्या आठ फुटी पटिया पडून होत्या, हे मी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. तो शेवटी वैतागला. "ए मोडी, तू नक्शा बनाती है कि मंडी चलाती है?" मोडी म्हणजे इकडच्या बोलीत पोरगी. मी म्हटलं, "दोनों. भाव बोलो." त्यानं भाव उतरवला, पण एका अटीवर: माल परत घेणार नाही. मी हो म्हटलं आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून राणीसारखी आले.

मिस्त्री साठीचे होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. भिंती चढत होत्या तेव्हा त्यांनी नकाशाकडे बघून त्या मुलाला विचारलं होतं, "भैया, इसमें टेक कहाँ है?" टेक म्हणजे पटिया भिंतीवर जेवढी टेकते तो भाग. त्यानं वर न बघता सांगितलं, "चाचा, आप बस नक्शे के हिसाब से बनाइए."

त्यांनी तसंच बनवलं. मग चार माणसांनी पहिली पटिया वर चढवली. एक टोक भिंतीवर टेकवलं तर दुसरं हवेत. दोन भिंतींच्या मधलं मोकळं अंतरच आठ फूट होतं आणि पटियाही आठ फूट! मुलानं आतलं माप तसंच्या तसं यादीत उतरवलं होतं. दोन्ही बाजूंना टेकायला अर्धा-अर्धा फूट लागतो, हे चार वर्षं शिकलेल्या चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी भाव करण्यात गुंतले होते.

चाचांनी बिडी पेटवली. "नक्शा तो एकदम सही है," ते म्हणाले, "बस छत जमीन पर रखनी पड़ेगी."

मजूर हसले. मुलगा माझ्यावर उलटला. "अगं, ऑर्डर तू दिलीस ना? माप चेक नको करायला?"

"यादी कुणाच्या अक्षरात आहे?"

"वो ठीक है, पण परत घेणार नाही हे कुणी मान्य केलं? मी?"

तिथे तो बरोबर होता, आणि म्हणून मला जास्तच राग आला.

आमचे गाइड सर येऊन बघून गेले. म्हणाले, पत्रा टाका आणि मोकळे व्हा. मे महिन्यात पत्र्याखाली बायका उभ्या करणार आणि त्याला सावली म्हणणार! मी चाचांकडे गेले. ते भिंतीकडे बघत बसले होते. मग त्यांनी वाळूत बोटानं काढून दाखवलं: भिंतीचे वरचे दोन थर उतरवायचे, आतल्या बाजूला फूटभर बाहेर आलेले दगडी टोडे बसवायचे, टोड्यांवर लांब आडवी पट्टी, आणि पट्टीवर पटिया. टोडा म्हणजे भिंतीतून पुढे केलेला दगडाचा हात. इथल्या जुन्या छज्ज्यांखाली तो सगळीकडे दिसतो. मधलं अंतर आपोआप सहा फूट होणार होतं आणि माझी न परतणारी पटिया कामी येणार होती.

पण बारा टोडे घडवायचे म्हणजे नऊ दिवस जास्तीचे, आणि गटाकडे पैसे काहीच उरले नव्हते, माझ्याकडे मॉडेलांचे थोडे होते. मी हात जोडले असते तर त्यांनी कदाचित फुकटही केलं असतं. मला मागता येत नाही, सौदाच करता येतो.

"चाचा, इन नौ दिन की मजूरी आधी लो, आधी छोड़ दो. और आपका नाम लगेगा."

"कहाँ?"

"यहीं. सबके साथ."

"कागज पर?"

"पत्थर पर."

"चालीस साल में किसी ने नहीं लगाया."

"मैं लगाऊँगी."

"तू तो अभी पढ़ रही है, बिटिया."

"इसीलिए तो सस्ते में बात हो रही है."

ते मोठ्यानं हसले आणि छिन्नी उचलली. पाटी माझी नव्हती, तिच्यावर नाव घालण्याचा शब्द द्यायला मी कोण, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही.

नऊ दिवस मी तिथे बसले. वखारीतल्या टाकाऊ दगडांतून त्यांनी टोडे काढले. प्रत्येकाच्या तोंडाशी एक साधी गोलाई, बस्स. नक्षी नाही. छत चढल्यावर तिरपं ऊन त्या गोलाईवरून घसरायचं आणि भिंतीवर बारा सावल्या पडायच्या. मी चार वर्षांत काढलेल्या कुठल्याच चित्रात असं काही नव्हतं.

मग ज्युरी. दिल्लीहून आलेले परीक्षक फोटोंसमोर थांबले, टोड्यांवर बोट ठेवून म्हणाले, हे फार छान आहे, हे कसं सुचलं?

आणि तो मुलगा, ज्याला टेक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणाला, "सर, शुरू से हमारा कॉन्सेप्ट यही था. ग्वालियर के पारंपरिक टोडे को आज की भाषा में लाना."

मी तिथेच ओरडले. यादी, माप, हवेतलं टोक, वाळूतलं चित्र, सगळं सांगितलं. परीक्षक अवघडून हसले. गाइड सर म्हणाले, "यह झगड़े की जगह नहीं है." मार्क चौघांना सारखेच पडले, माझ्या शेऱ्यात मात्र लिहिलं गेलं की विद्यार्थिनीला गटात काम करता येत नाही. घरी आल्यावर आईनं माझं तोंड बघूनच विचारलं, "आज कुणाशी?"

पाटीचा मजकूर विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर होता. चार विद्यार्थी, गाइड, त्या स्वतः, प्राचार्य, उद्घाटनाचे पाहुणे. मी चाचांचं नाव घालायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मजदूरों के नाम लिखने लगे तो पट्टिका दीवार से बड़ी हो जाएगी. और जगह भी नहीं है."

जागा नाही म्हणताच मला सौद्याला फट सापडल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "मॅडम, मेरा नाम निकाल दीजिए, उनका डाल दीजिए. आठ के आठ."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लिखकर दोगी?"

मी तिथेच उभ्यानं लिहून दिलं. त्यांनी सांगितलं तसं: मी माझं नाव स्वेच्छेनं मागे घेत आहे. दुसरं नाव समितीपुढे ठेवू, त्या म्हणाल्या. दाल बाजारात पोतं हातात आल्याशिवाय मी आयुष्यात कधी पैसे सोडले नाहीत, आणि इथे नुसत्या तोंडी शब्दावर सही करून आले. शिकलेल्या माणसांचा शब्द म्हणून!

उद्घाटनाला चाचा धुतलेला कुर्ता घालून आले. बायको आणि सून बरोबर होत्या. चाचांना वाचता येत नव्हतं, सुनेला येत होतं. पडदा सरला, टाळ्या झाल्या, पाहुणे नाश्त्याकडे गेले. सून पाटीसमोर उभी राहून ओठ हलवत वाचत होती.

"बाबूजी, नहीं है."

"ऊपर-नीचे देख."

तिनं पुन्हा वाचलं. "नहीं है. दीदी का भी नहीं है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, मी लिहून दिलेल्या कागदासकट. मग, न जाणो म्हणून आईकडून आणून ठेवलेले नऊ दिवसांच्या उरलेल्या अर्ध्या मजुरीचे पैसे पुढे केले. त्यांनी हातही पुढे केला नाही.

"मजूरी लेनी होती तो उसी दिन पूरी लेता. नाम का सौदा था."

"चाचा, मेरी किताब में छपेगा. मैं अपने काम की किताब बनाऊँगी, उसमें पहला नाम आपका."

"कागज पर तो मेरा नाम राशन कार्ड में भी है," ते म्हणाले, आणि बायकोला घेऊन निघून गेले. नाश्ता न करता.

आता माझं स्वतःचं लहानसं ऑफिस आहे. माझ्या प्रत्येक कामावर मिस्त्रीचं नाव दगडात कोरलेलं असतं, आणि ते करारातच लिहिलेलं असतं, कारण मालक लोक शेवटच्या दिवशी हमखास कुरकुरतात. चाचांना मी तीनदा निरोप पाठवला. ते आले नाहीत. रस्त्यात दिसले तर मान हलवतात, थांबत नाहीत. त्या मुलाच्या वेबसाइटवर बारा टोड्यांचा फोटो सगळ्यात वर आहे. मी त्याला लिहिलं तर उत्तर आलं, "अगं, टीमवर्क होतं यार. इतकं पर्सनल का घेतेस?" पर्सनल! चाळीस वर्षांत एकदा कुणी नाव देतो म्हणालं, आणि ती मी होते.

पाटीसाठी कॉलेजात दर वर्षी अर्ज देते. प्राचार्य बदलले, मॅडम निवृत्त झाल्या, पाटी तिथेच आहे. गेल्या वेळी नव्या प्राचार्यांना सांगितलं की दगड माझा, कोरणावळ माझी, तुम्ही फक्त भिंतीला हात लावू द्या. "किसका नाम? मिस्त्री का?" ते हसले. मग मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिपाई पाणी घेऊन आला. पण अर्जावर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय मी उठले नाही.

कुणी म्हणेल, एवढं लिहिलंस तर इथे तरी त्यांचं नाव लिही. नाही लिहिणार. कागद त्यांनी माझ्या तोंडावर नाकारलाय, आणि इथे लिहिलं तर मला उगाच थोडं फिटल्यासारखं वाटेल. ते वाटायला नको आहे. जूनमध्ये कार्यालय उघडलं की पुन्हा अर्ज देणार आहे.