फ्रीजरमध्ये गेलेली अँटिबॉडी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

पेशीतलं साखर मोडणारं एन्झाइम ओळखणारी अँटिबॉडी काल संगमनेरला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आली. तीन महिने तिची वाट पाहिली होती. मी नगरला होते, म्हणून लॅबचे शिपाई दगडूमामा यांना फोनवर सांगितलं, "एकदम थंड ठेवा." त्यांनी ती फ्रीजरमध्ये ठेवली. ही अँटिबॉडी गोठली की खराब होऊ शकते, हे मी सांगितलंच नव्हतं.

आज सरांनी विचारलं, "फ्रीजरमध्ये कुणी ठेवली?"

"मीच, सर. माझ्याच ध्यानात आलं न्हाई," मामा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

आता टेस्ट लावलीय, निकाल उद्या. अँटिबॉडी वाया गेली असेल तर मामांना बोलणी बसतील. चांगली निघाली, तरी मी त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने चहा मागू?